पोशाच्या पाळीवरचे इनासदादा

इनासदादा, मेलेल्या माणसाशी भांडू नये असं आमच्या देवगडाकडे म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात ते विचारायचं राहिलं. पण जिवंतपणी तुमच्याशी धड भांडता आलं नाही. भांडण रंगात आलं की तुम्ही हसायचात आणि 'पोरा, जेवलास काय?' म्हणून विचारायचात. आता हसायला तुम्ही नाही, तेव्हा आज सगळं बोलून घेतो. वाईट वाटून घेऊ नका. वाटलं तरी मला कळणार नाही म्हणा.

त्या दिवशी तुम्हाला देवळाच्या आवारात ठेवून आलो. चर्चला तुम्ही देऊळच म्हणायचात. आता मलाही दुसरा शब्द सुचत नाही. पाद्रीबाबा लॅटिनमधून काय म्हणत होते ते मला कळलं नाही, रेजिनवहिनींनाही कळलं नसावं, पण त्या मान डोलावत होत्या. आणि फाटकाबाहेर पोशा तांडेल उभा होता. दोन पावसाळे जो तुमच्याशी एक शब्द बोलला नव्हता, तो लाल टोपी हातात धरून उभा. त्याने मला बाजूला ओढलं.

"जोडं घातलं काय त्याच्या पायात?"

"घातले. लग्नातलेच."

"ते चावायचं त्याला," पोशा म्हणाला. "वरातीत हातात धरून चालला होता गाढव." मग नाक पुसून म्हणाला, "घालू दे. आता चालायचं कुठं हाय?"

तो आत मात्र आला नाही. माती टाकायलासुद्धा नाही.

हे वाचणाऱ्यांना तुम्ही ठाऊक नाही, म्हणून एवढंच सांगतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या खाडीवर मिठाच्या खात्याची एक गस्तीची होडी होती. चोरून मीठ नेणाऱ्या मचव्यांवर नजर ठेवायला. त्या होडीवर दोन तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, पाळीपाळीने: एक तुम्ही, ठाण्याचे किरिस्तांव, दुसरा पोशा, ठाण्याचाच कोळी. बोली एक, खाणं एक, शिव्यासुद्धा एकच. देव तेवढे वेगळे. आणि मी म्हणजे कल्याणच्या बंदरावरच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याचा गुमास्ता. मराठी तिसरीपर्यंत शिकलो. वडील गेल्यावर शाळा सुटली आणि गावही सुटलं.

मला कल्याणला नेऊन गुमास्ता कोणी केलं? तुम्हीच. ठाण्याच्या धक्क्यावर मी गाठोडं घेऊन बसलेलो, कल्याणला कोणीतरी ओळखीचं आहे एवढं ऐकून आलेलो, आणि ते ओळखीचं माणूस मेलंय हे मला धक्क्यावरच कळलेलं. तुम्ही होडी सोडत होतात. म्हणालात, "रडतं कोन? तू काय? चल, बस." सरकारी होडीत परक्याला बसवायची परवानगी नव्हती. ते मला पुष्कळ नंतर कळलं. डोंबिवलीच्या वळणाला तिन्हीसांज झाली आणि दोन्ही काठांवर गावोगाव होळ्या पेटल्या. माझ्या घरचा शिमगा आठवून मला पुन्हा रडू आलं. तुम्ही वल्ही थांबवायला सांगितलीत, मला तो उजेड बघू दिलात, आणि मग मिठाच्या खात्याच्या नाक्याला लागताना वरून पहारेकऱ्याने हाक दिली, "कोन? पोशा काय?"

"पोशा!" तुम्ही खालून ओरडलात.

म्हणून मी पहिला महिनाभर तुम्हाला पोशादादा म्हणत राहिलो. तुम्ही एकदाही चूक दुरुस्त केली नाहीत. खलाशी तोंडाला फडकं लावून हसायचे. एक दिवस खरा पोशा आला, मी तुम्हाला त्याच्यादेखत 'पोशादादा' म्हटलं, आणि तो म्हणाला, "ह्यो पोशा, तर मग मी कोन? माज्या बायकोला इचारून येतं थांब." तेव्हा मला उलगडा झाला. होळी कोळ्यांची. होळीला कोळी घरी नसला तर त्याची आई त्याला वर्षभर टोमणे मारते. म्हणून होळीच्या दिवसांत पोशाच्या पाळीवर तुम्ही, पोशा म्हणून. आणि तुमच्या नाताळाला, तसंच ईस्टरआधीच्या उपासाच्या शेवटच्या आठवड्यात, तुमच्या पाळीवर पोशा, इनास म्हणून. नाक्यावर सगळ्यांना ठाऊक. जुन्या साहेबालासुद्धा ठाऊक. तो होळीच्या दिवशी मुद्दाम म्हणायचा म्हणे, "पोशा, आज तुझी दाढी फार वाढली." पोशाला दाढी नव्हतीच.

ह्याला कोणी चोरी म्हणेल असं तुमच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्याही नव्हतं. आपल्या खाडीवर सण एकमेकांना द्यायची रीतच आहे. आगरी होडीवाल्याची जत्रा आली की मुसलमान नावाडी त्याचा फेरा मारतो, मुसलमानाची ईद आली की आगरी. फेरा चुकला नाही, बस्स.

मग आगगाडीने मीठ जायला लागलं. मिठागरावरून थेट डब्यात. खाडीत मचवे कमी झाले आणि एक दिवस नाका उठला. होडी लिलावात गेली. ती कोणी घेतली तेही तुम्ही मला सांगितलं नाहीत, पण त्या दिवसापासून तुम्ही बंदराच्या त्या बाजूने चालायचे बंद झालात. जागा मोडली तर जुन्या नोकराला पेन्शन द्यायची असा सरकारचाच कायदा. पोशाची मंजूर होऊन आली. तुमची त्याच्यामागून येणार होती. फक्त एक जबानी राहिली होती.

त्या जबानीला मी तुमच्याबरोबर आलो होतो. कचेरीच्या पडवीत बाकावर बसलेलो, दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. तुम्हाला शपथेसाठी बायबलच्या पुस्तकावर हात ठेवायला सांगितलं. तुम्ही आधी हात धोतराला पुसलात. कारकुनाने सवयीने विचारलं, मान वर न करता, "नोकरीच्या मुदतीत गैरहजर होतास काय?"

तुम्ही 'नाही' म्हणायचं होतं. खरं तेच होतं. पण तुम्हाला तेवढ्याने समाधान नव्हतं. तुम्हाला वाटलं, साहेबाला आपली हुशारी कळू दे.

"गैरहजर?" तुम्ही म्हणालात. "मी तर डबल हजर. होलीला पोशाचा पन मीच. इचार कोनाला बी."

कारकुनाची मान वर झाली.

इनासदादा, मला ती मान अजून दिसते. त्याने लेखणी शाईत बुडवली आणि फार गोड आवाजात म्हणाला, "असं? सांगा, सांगा." आणि तुम्ही सांगितलंत! होळीचं सांगितलंत, नाताळचं सांगितलंत, पोशाने एका नाताळाला कसा मचवा पकडला आणि बक्षीस तुमच्या नावावर कसं आलं आणि तुम्ही ते त्याला कसं नेऊन दिलंत, तेही सांगितलंत. छाती पुढे काढून. एकेक गोष्ट म्हणजे तुमच्या इमानदारीचा पुरावा होता. आणि तो कारकून एकेक गोष्ट तुमच्या विरुद्ध लिहून घेत होता. मी बाकावर खोकलो. दोनदा खोकलो. तुम्ही आतून ओरडलात, "पोरा, पानी पी!"

हुकूम आला. इनास तांडेल नेमल्या दिवशी कामावर नसताना त्याची हजेरी खोटी लागली. सबब नोकरीत खंड पडला. खंडापूर्वीची सगळी नोकरी बाद. सबब पेन्शन नाही. आणि त्याच जबानीवरून, पोशा तांडेल याचीही पेन्शन बंद.

तुम्ही मला तो हुकूम पुन्हा पुन्हा वाचायला लावलात. "खंड म्हंजे?" मी सांगितलं, तुटली. नोकरी मधेच तुटली असं धरतात. तुम्ही कागद उलटून मागची कोरी बाजू बघितलीत. मग म्हणालात, "होरी एक दिस रिकामी गेली काय? एक दिस?"

एवढं मोठं सरकार, सातासमुद्रापलीकडे राणी, इथे साहेब, साहेबाखाली साहेब, आणि त्यांच्यात एकानेही हा एक प्रश्न विचारला नाही. होडी रिकामी गेली काय? सगळ्यांनी विचारलं, नाव कोणाचं होतं.

पोशा तुमच्या दारात आला तो दिवस तुम्ही विसरला असाल अशी मी आशा करायचो. तो ओट्यावर चढला नाही. खालूनच म्हणाला, "तुज्या देवाला खरं सांगितलंस ना? बरं केलंस. आता तुज्या देवालाच सांग माज्या पोरांना घालायला." तुम्ही म्हणालात, "पोशा, मी वायट काय सांगितला? तुजी तर तारीफच केली." आणि पोशा म्हणाला, "तारीफ ठेव तुज्यापाशी. रांधून खा." त्यानंतर तो बोलला नाही. तुम्ही समोरून आलात की तो मासे निवडायला खाली वाकायचा. पाटीत मासे नसले तरी.

मी जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज लिहिले, ते नामंजूर होऊन आले. मला मोडी येतं, तुम्ही सांगितलंत तेवढं मी लिहिलं, पण रात्री झोप यायची नाही. तिसरी शिकलेल्या माणसाचा अर्ज! एखादा शब्द चुकला म्हणून तर हे अडलं नाही ना, 'कृपा' लिहायच्या जागी 'हक्क' लिहिलं म्हणून साहेब चिडला नसेल ना, की हक्क लिहायच्या जागी कृपा लिहिलं म्हणून त्याला आपण कच्चे वाटलो? दाव्यासाठी आपण धरलेले वकीलसाहेब म्हणाले, "अर्जात काही चूक नाही. चूक तुमच्या माणसाच्या तोंडात आहे." माझे शेठ म्हणाले, "सरकारवर दावा लावायला निघालायस? माझं दुकान सरकारी मिठावर चालतं, आठवण आहे ना?" आठवण होती. तरी तुमच्याबरोबर कोर्टात आलो, कारण धक्क्यावर मला 'चल, बस' म्हणताना तुम्ही कोणाला विचारलं नव्हतं.

आणि मग ते कोर्ट. तुम्हाला कोर्टाचा केवढा भरवसा होता! "कचेरीत कारकून असतो," तुम्ही म्हणायचात, "कोरटात न्याय असतो." रेजिनवहिनींनी कोट धुऊन दिलेला. तुम्ही चावणारे जोडे घातले होते, म्हणून ताठ उभे होतात. नाहीतर तुम्ही कधी ताठ उभे राहिलात? आपली हाक सकाळी होणार होती ती दुपारी झाली. वकीलसाहेब उठले. दोन वाक्यं बोलले असतील. वर बसलेल्या साहेबाने हात वर केला आणि काहीतरी म्हटलं, शांतपणे, जराही न रागावता. शिरस्तेदाराने आपल्याला मराठीत सांगितलं, "पेन्शनचा दावा ऐकायचा कोर्टाला अधिकार नाही. कायद्यानं मना आहे. जिल्ह्याच्या साहेबांचा दाखला आणा, की कोर्टानं हा दावा ऐकावा. मग ऐकू."

तुम्ही वकिलाकडे बघितलंत. "जिल्ह्याचा साहेब म्हंजे तोच ना, ज्यानं नाय म्हटला?"

"तेच," वकील म्हणाले.

"म्हंजे ज्यानं लाथ मारली त्याचीच चिठ्ठी आनायची, का ह्याचं रडनं ऐका?"

मागे लोक हसले. शिपाई 'चूप, चूप' करत पुढे आला. आणि तुम्ही, इनासदादा, ज्यांना साहेब काय नि गव्हर्नर काय सगळेच 'तू', तुम्ही थेट वर बघून म्हणालात, "दिऊ नको रे काय. पन ऐक तरी. ऐकाला काय जातं?"

शिरस्तेदाराने ते इंग्रजीत केलं नाही. वकीलसाहेबांनी मला कानात सांगितलं, साहेबाने विचारलं, काय म्हणतो? शिरस्तेदार म्हणाला, आभार मानतोय.

त्या शिरस्तेदाराचा मला इतका राग आला की मी दाराबाहेर येऊन भिंतीला बुक्की मारली. हात माझाच सुजला. तुम्ही त्यावर थुंकी लावलीत आणि म्हणालात, "भिंत सरकारी हाय. दंड करतील." हसत होतात. मी हसलो नाही. मला अजून हसू येत नाही. साहेब वाईट नव्हता हो, तेच तर दुखतं. त्याने कायदा उघडून दाखवला. कायदा करणाऱ्याने दाराला कडी आतून लावली होती आणि किल्ली ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं त्याच्याच खिशात ठेवली होती. आता ह्यात शिव्या कोणाला घालायच्या?

दाखल्यासाठी आपण टिटवाळ्यापर्यंत चालत गेलो. शहाडला नदी उतरलो, तुमचे जोडे गळ्यात. साहेबांची फिरती तिकडे होती, आंब्याच्या राईत तंबू. चिटणीस सज्जन माणूस, त्याने आपल्याला सावलीत बसू दिलं. अर्ज आत गेला आणि परत आला. त्यावर लिहिलेलं वाचून चिटणीस म्हणाला, "कारण दिलेलं नाही. द्यावं लागत नाही." येताना तुम्ही पुढे, मी मागे. नदीत उतरल्यावर मधेच थांबलात, पाणी मांडीपर्यंत, आणि विचारलंत, "पोशाला वाटत असंल काय रे, मी मुद्दाम केला?"

म्हणजे तेवढ्या वाटेत तुमच्या डोक्यात पेन्शन नव्हतीच.

मी तेव्हाच म्हणालो होतो, आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. म्हटलं, दादा, जबानी फिरवा. एवढंच सांगा की म्हातारपणामुळे घोटाळा झाला, आठवत नाही, होळीला कोण होतं नि नाताळला कोण. मुंबईला अपील करू, तिथून फेरचौकशी लागेल, तेव्हा तेवढं बोला. तुमचं नाही तर निदान पोशाचं सुटेल. तुम्ही म्हणालात, "पुस्तकावर हात ठेवलाय मी." म्हटलं, हात तुमचा होता, पण त्या गोष्टीत अर्धा वाटा पोशाचा होता. त्याची होळी तुम्ही परस्पर सरकारला देऊन टाकलीत. खरं बोलायचा तुम्हाला हक्क होता, तुमच्या वाट्याचं. त्याच्या वाट्याचं नाही.

तुम्हाला लागलं ते. मी बघितलं. तुम्ही पाण्यातून काठाला आलात, फतकल मारून बसलात, पायाची बोटं चोळलीत. मला वाटलं आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "पोरा, जेवलास काय?"

त्यानंतर ह्या विषयावर प्रत्येक रविवारी आपलं हेच झालं. तुमच्या ओट्यावर, रेजिनवहिनींच्या सुक्या बोंबलांच्या वासात. सुरुवातीला मी तुमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचो नाही. वहिनींनी माझ्यासाठी पितळी तांब्या वेगळा ठेवलेला आणि विहिरीवरून तो मीच भरून आणायचा असा नियम त्यांनीच घालून दिलेला, मला संकोच नको म्हणून. मग कधी तो तांब्या कोपऱ्यात गेला आणि मी तुमच्या ताटातलं खायला लागलो ते कळलंच नाही. आईला गावी मी हे कधी कळवलं नाही. तिला एवढंच कळवलं की इथे एक घर आहे.

अपील गेलं. मुंबईहून फेरचौकशीचा हुकूम आला. आणि तुम्ही, दादा, तेव्हाच तापाने पडलात. चौथ्या दिवशी मला म्हणालात, "बरा झालो का जातंय मी कचेरीत." मी विचारलं, काय सांगणार? तुम्ही डोळे मिटलेत. झोप लागली की विचार करत होतात? फिरवणार होतात का जबानी? पोशासाठी? एवढं एक सांगायचं होतंत. दुसरं काही नको होतं मला तुमच्याकडून. तुम्ही परत शुद्धीवर आलाच नाहीत, आणि मी ह्या एका गोष्टीवर अजून चिडून बसलोय.

आता पुढचं ऐका. ऐकायला काय जातं, तुम्हीच म्हणायचात.

तुमची पेन्शन तुमच्याबरोबर गेली. वहिनींना काही नाही. कायदा तसाच आहे. राहिला पोशा. चौकशीच्या रावसाहेबांनी त्याला बोलावणं पाठवलं, आणि मला वाटेत गाठून हळूच सांगितलं, "इनास तर गेला. त्याच्या बोलण्याखेरीज दुसरा पुरावा नाही. तो भ्रमिष्ट झाला होता, एवढं ह्या पोशाने म्हटलं की मी शेरा मारून मोकळा. मलाही हे प्रकरण नको आहे." भला माणूस. ह्या सगळ्या प्रकरणात भेटलेली सगळीच माणसं भली, आणि प्रकरण असं.

मी पोशाकडे गेलो. तो जाळं विणत बसला होता. ऐकून घेतलं. उठला, टोपी घातली आणि चालायला लागला. कुठे विचारलं तर म्हणाला, "वयनीकडं."

दोन पावसाळ्यांनंतर तो तुमच्या ओट्यावर चढला. वहिनी काळ्या लुगड्यात, तांदूळ निवडत. त्यांनी मान वर केली, म्हणाल्या, "आलास? तो गेल्यावर आलास?"

"आलो," पोशा म्हणाला. उभाच. "वयनी, एक इचारायचं हाय. कचेरीत सांगायला लागतंय का इनास खुला झाला व्हता. डोक्यानं. तर सांगू काय?"

मी जमिनीकडे बघत होतो. मला वाटलं आता सूप भिरकावतील.

"सांग," वहिनी म्हणाल्या. "खुला नाय तर काय? शाना असता तर त्या कारकुनाला आपल्या घरची गोष्ट सांगतला असता?" आणि तांदळातला एक खडा काढून अंगणात फेकला. "बस. जेवूनशी जा."

पोशा बसला आणि रडला. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी दोन ताटं वाढली आणि त्याला म्हणाल्या, "तुज्या नावानं रोज एक शिवी घालायचा तो. एक दिस शिवी घातली नाय, तवा मी समजली का आता ताप चढला."

काल आम्ही कचेरीत गेलो. तोच बाक, तेच उघडं दार. पोशाने नारळावर हात ठेवून शपथ घेतली. रावसाहेबांनी सोपं करून विचारलं, "इनास तांडेल शेवटी भ्रमिष्ट झाला होता?"

"व्हता."

लेखणी चालली. मला वाटलं झालं. पण रावसाहेब नीट काम करणारे. त्यांना कागदात कुठे फट ठेवायची नव्हती.

"म्हणजे होळीला तुझ्या पाळीवर तूच होतास?"

पोशा थांबला. "मीच."

"दरसाल?"

"दरसाल."

"होळीला घरी कधीच गेला नाहीस?"

पोशाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. बाकावर बसलेला माणूस काय मदत करणार? "कदी नाय," तो म्हणाला.

"आईबाप, बायकामुलं, होळीला कधी भेटली नाहीत?"

"नाय भेटली."

रावसाहेबांनी वर बघून म्हटलं, "धन्य तुझ्या नोकरीची," आणि तेही लिहून घेतलं.

पेन्शन सुटेल, दादा. रावसाहेब म्हणाले, महिनाभरात. तुम्हाला आनंद होईल म्हणून हे सांगायला बसलो होतो. तुम्हाला खोटं पाडलं त्याची माफी मागायला नाही. तशी माफी मी मागणार नाही. तुमच्या खरेपणाने जे झालं ते झालं, आमच्या खोटेपणाने निदान एका घरात चूल पेटेल.

पण पोशा बाहेर आला आणि पायरीवरच बसला. मी म्हटलं, चला, जिंकलो. वहिनींना सांगू. तो हलेना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माजी आईस," तो म्हणाला, "पाट मांडून बसायची होलीला. पोशा येतोय म्हनून. आनी मी जायचो. दरसाल जायचो. तो खारीत असायचा माज्या नावानं, आनी मी घरी ढोल वाजवायचो." त्याने खाडीकडे बोट दाखवलं. "तेवड्या होल्या दिल्या त्यानं मना. सगल्या आज परत केल्या, रे. शपतेवर. एक पन ठेवली नाय."

मी त्याच्याजवळ पायरीवर बसलो.